मागच्या सीटवरचा पेट्रोलचा वास

माझी बायको खोटं बोलत नव्हती. लिहायचंय ते एवढंच. पण नुसतं एवढं लिहिलं तर कोणाला काय कळणार, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी सातवी पास. दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या सरकारी गेस्ट हाउसात जन्मभर साहेब लोकांची गाडी चालवली. रिटायर झाल्यावर नोएडात दोन खोल्या आणि पेट्रोलवरची एक छोटी गाडी घेतली. पहिल्याच दिवशी बायकोला म्हटलं, "पुढे नाही बसायचं. आजवर दुसऱ्यांच्या मॅडम मागे बसवल्या, आता माझी बसेल." ती हसली, पदर सावरला आणि मागे डाव्या बाजूला बसली. ती तिची जागाच झाली.

पुढे एका उन्हाळ्यात तिचं सुरू झालं. "अहो, पेट्रोल सांडलंय का कुठे? वास येतोय."

मला काही येत नव्हता. आमच्या धंद्यात नाक लवकर मरतं. पण तेव्हा मी हे कबूल केलं नाही. म्हटलं, "गाडी पास आहे. प्रदूषणाचं सर्टिफिकेट परवाच काढलंय."

"त्याने नाक लावलं होतं का मागच्या सीटला?"

नव्हतंच लावलं. ते लोक धुराच्या नळीत एक दांडी घालतात, फोटो काढतात आणि कागद देतात. दिल्लीच्या हवेच्या नावाने सगळे बोंब मारतात, पण उभ्या गाडीतून पेट्रोल वाफ होऊन उडतंय का, ते बघणारा तिथे एक माणूस नसतो.

तिला घेऊन वर्कशॉपला गेलो. तिथल्या टायवाल्या पोराने दार उघडून हुंगलं, एसी लावला आणि म्हणाला, "कुछ नहीं है, आंटी जी." जॉब कार्डावर, म्हणजे कामाच्या कागदावर, इंग्रजीत लिहिलं, प्रॉब्लेम सापडला नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिला खुर्चीवर बसवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "अंकल, इस उमर में वहम हो जाता है." मी हसलो. त्याच्याबरोबर हसलो. तिने काचेतून ते बघितलं.

मग मानेसरला तिच्या भाचीकडे बारसं होतं. अर्ध्या वाटेत तिला उलटी झाली. कसंबसं पोचलो. संध्याकाळी निघताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मी नाही येत यांच्या गाडीतून." आणि खरंच आली नाही. शेअर ऑटो, मग मेट्रो, असं करत एकटी घरी आली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. चार माणसांत माझा अपमान केला म्हणून! त्यानंतर ती त्या गाडीत फक्त दवाखान्यात जायला बसली, तोंडाला रुमाल लावून.

गेल्या थंडीत ती गेली. किडनीचं दुखणं होतं. वासाने गेली नाही. मी डॉक्टरांना तोंडावर विचारलं, ते नाही म्हणाले. पण ती खोटी ठरून गेली. आणि ते मी केलं.

या उन्हाळ्यात गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला. पुन्हा तेच वर्कशॉप, तोच टायवाला. त्याने कॉम्प्युटरची वायर लावली आणि म्हणाला, टाकीच्या वाफेच्या सिस्टीमची तक्रार दाखवतोय. वाफेची! मी म्हटलं, "आज मैं यहीं खड़ा रहूँगा. खोलके दिखाओ."

गाडी वर चढवली. मिस्त्री वयस्कर होता, बोलायला कमी. टाकीच्या झाकणाचं रबर त्याने बोटाने चाचपलं. पाइप वाकवून वाकवून चिरा बघितल्या. मग मागच्या बाजूला टाकीजवळचा एक काळा डबा सोडवला, टिफिनएवढा. त्यात कोळसा असतो म्हणे. टाकीतली वाफ तो धरून ठेवतो, इंजिन चाललं की ओढून जाळतं. मिस्त्रीने डबा तिरपा केला. ट्रेमध्ये पेट्रोल गळलं.

"ये सूखा होना चाहिए था, जी," तो म्हणाला. "बहुत दिन से भरा पड़ा है. पीछे बैठनेवाले को बास नहीं आती थी?"

पाना लावून डबा काढायला दहा मिनिटं लागली होती. दोनदा तिला वेडी ठरवलं, तेव्हा ही दहा मिनिटं कोणाकडे नव्हती!

मग मिस्त्रीने मला विचारलं, "टंकी गले तक भरवाते हो?"

भरवायचो. दौऱ्यात साहेबांची गाडी वाटेत बंद पडली तर ड्रायव्हरचं काय होतं ते मला ठाऊक होतं. म्हणून पंपाचा नळ टक करून बंद झाला, तरी मी गाडी मागून हलवायचो आणि म्हणायचो, अजून घाल. रिटायर झालो तरी सवय तीच. वरचं पेट्रोल त्या डब्यात जात होतं. ती मागून ओरडायची, "अहो, पोट भरलं तिचं, पुरे करा!" तेही तिचंच खरं निघालं.

टायवाला कार्ड भरायला लागला. "पार्ट खराब, बदल दिया. बस, अंकल?"

"बस नहीं. लिखो, बास की शिकायत सही थी."

"सिस्टम में ऐसा कॉलम नहीं है."

"तो हाथ से लिखो. और नीचे लिखो, गलती मालिक की. टंकी ज़्यादा भरवाता था."

"अंकल, अपने ही खिलाफ?"

मी कार्डावरून हात काढला नाही. शेवटी त्याने लिहिलं. वाकड्यातिकड्या अक्षरात, हिंदीत लिहिलं, पण लिहिलं. मी सही केली.

दोन दिवसांनी वर्कशॉपमधल्या एका मुलीचा फोन आला. "सर, बदबू की समस्या दूर हुई?"

मी म्हटलं, "मला नाही कळत. माझं नाक गेलंय." हे मी पहिल्यांदा कोणाला सांगितलं.

माझं मराठी तिला कळलं नाही. "सर, हाँ या ना में बताइए."

म्हटलं, "बेटी, जिसको आती थी, उसको हम सबने झूठा ठहराया. अब वो नहीं है. किससे पूछूँ?"

ती हळूच म्हणाली, "तो हाँ लिख दूँ, सर?"

मी ओरडलो, "'हाँ' नहीं, 'ना' लिखो!"