इक्बालच्या घोडीला लगाम नव्हता

उत्तरेकडच्या एका डोंगरी चौकीवर माझी पोस्टिंग झाली, तेव्हा तिथे रायगडचे आम्ही दोघेच होतो. मी रेवदंड्याचा, लान्स नाईक इक्बाल मुरुडचा. त्याच्या घरचे घोडे किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवत, त्यामुळे घोडं त्याला नवीन नव्हतं. मला होतं. पहाटे मालिश, मग दाणापाणी, उजाडलं की खोगीर चढवून पेट्रोलिंग. थंडीत लोखंड घोड्याच्या जिभेला चिकटतं म्हणून इक्बाल लगामाची तोंडात जाणारी कडी आधी जॅकेटात घालून काखेत गरम करायचा. बाकीचे जवान हसायचे. तो ऐकून सोडून द्यायचा.

त्या हिवाळ्यात एक कोरी घोडी आली. अजून कोणी नीट स्वार न झालेली. तोंडात कडी घातली की मान झटकायची, मागे सरायची. हवालदारसाहेब म्हणाले, "कडा लगाम डालो." म्हणजे लांब दांड्यांचा. जरा ओढला की जबडा आवळतो. इक्बालने तिच्या ओठाच्या कडेतून बोट आत घातलं. दाढेच्या पुढे एक बारीक दात वर येत होता आणि कडी नेमकी त्याच्यावर आपटत होती.

"साहब, दांत निकलने तक लोहा नहीं डालूंगा."

"हुकूम है."

"सजा दीजिए, साहब."

सजा मिळाली, आठवडाभर जादा पहारा. बर्फाने रस्ता बंद, तो दात काढायला जनावरांचा डॉक्टर वर येणार कसा? तोवर इक्बालने घोडीला तोंडात काही न घालता नुसत्या दोरीच्या म्होरकीवर तयार केलं. वळवायचं, थांबवायचं, सगळं मांडीच्या दाबाने. हवालदारसाहेब रोज बघायचे. शेवटी त्यांनीच तिला पेट्रोलमध्ये घेतलं.

त्या दिवशी आम्ही नदीकाठच्या पायवाटेने निघालो. वाट एका घोड्यापुरती. इक्बाल सर्वांत पुढे, त्याच्या मागे मी, माझ्या मागे चौघे, त्यांत सर्वांत शेवटी हवालदारसाहेब. वरून खडखडाट ऐकू आला.

"आगे क्या है? ओव्हर." हवालदारसाहेब रेडिओवर.

"पत्थर आ रहा है. सब पीछे हटो. ओव्हर." इक्बालचं उत्तर.

माझं घोडं बिथरलं आणि पुढे उधळलं. त्याच्या तोंडात कडा लगाम होता. मी दोन्ही हातांनी ओढला, ते थांबेना. इक्बालने वळून पाहिलं आणि घोडी वाटेत आडवी घातली. माझं घोडं तिच्यावर धडकून थांबलं. तिने धडक सोसली, पण ती जागची हलली नाही. "पीछे ले!" इक्बाल ओरडला. मी घोडं मागे घेतलं. पुढच्याच क्षणी दरड कोसळली. इक्बाल आणि घोडी, दोघेही नदीत गेले. आम्ही पाच जण चौकीवर परतलो.

मी रजेवर घरी येण्याआधीच मुरुडला बातमी पोचली होती, तीही वाकडी. इक्बालच्या घोडीला लगाम नव्हता, म्हणून तो गेला.

मी निवृत्त झालो. इक्बालची मुलगी नसरीन आता किनाऱ्यावर दोन घोडे चालवते. यंदा तिने नवी घोडी घेतली आणि मला बोलावलं. "काका, पहिला लगाम कुठला घालू? मामू काटेरी म्हणतात."

मी म्हटलं, आधी तोंड उघडून दात बघ. मग ओठाच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुतळीने माप घे, कडी त्याहून थोडीशीच लांब हवी. जाड, गुळगुळीत, मध्ये सांधा असलेली. काट्याने घोडं शिकत नाही, फक्त माणसाला घाबरतं.

तिचे मामू मागे उभे होते. "फौजी, पोरीला नको ते शिकवू नका. तिचा बाप असाच गेला. लगाम असता तर जिवंत असता."

नसरीनने मान खाली घातली. हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. माझं डोकं फिरलं. आजूबाजूला घोडेवाले, भेळवाले, पर्यटक उभे होते. असू देत.

"मामू, तुम्ही तिथं नव्हता, मी व्हतो. लगाम माझ्या घोड्याला व्हता, आन् उधळलं ते माझं घोडं! इक्बालला पुढं मोकळी वाट व्हती. टाच मारली असती तर आज तो इथं असता, आन् मी नदीत. तो पुढं गेला न्हाय. त्याची घोडी बिनलगामाची, तरी त्याच्यासाठी उभी राह्यली. पुन्हा कुणी म्हनलं लगाम नव्हता म्हणून गेला, तर माझ्यासमोर येऊन म्हना."

नसरीनने काटेरी लगाम उचलून मामूंच्या हातात दिला. "हा परत करून या," ती म्हणाली. आता तिची मान वर होती.

लान्स नाईक इक्बालचं नाव चौकीवरच्या दगडावर कोरलेलं आहे. घोडीचं नाही. तिला नाव ठेवायला आम्हाला वेळच मिळाला नव्हता. मी सलाम करतो तो दोघांना.