इंजिनाला शिव्या घालणारा वाल्मिक

माझा धाकटा दीर वाल्मिक एखाद्या दिवशी रागावला नाही, तर आम्ही त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघतो. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो चड्डीत होता आणि ठेच लागली म्हणून उंबऱ्याला लाथा घालत होता. आता डोकं पिकलं, पण उंबऱ्याशी भांडण मिटलं नाही. माणसावर रागवावं तसाच तो वस्तूवर रागावतो. एकदा दोर तुटून बादली विहिरीत पडली, तर वरून वाकून तिला म्हणाला, "ऱ्हा आता तिथंच, घरात पाय टाकू नको!"

एका गोष्टीवरचा त्याचा राग मात्र मलाही पटतो. धरण झालं, पाणी चढलं, गाव अलीकडे आलं आणि आमचं भाताचं शेत पलीकडे राहिलं. पूल बांधून देतो म्हणाले. माणसं आली, मोजून गेली, चहा पिऊन गेली. पुन्हा आली, पुन्हा प्यायली. आमची साखर संपली, पूल काही दिसला नाही. धरणाच्या भिंतीवरून वळसा घालून चालत जाता येतं, पण डोक्यावर भाताचा भारा घेऊन तेवढं कोण चालणार? शेवटी वाल्मिकने होडी केली आणि विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं. त्या इंजिनावर आमच्या घराचा तांदूळ येतो.

गेल्या वर्षी श्रावणात ते इंजिन बसलं. जाऊबाईचा, म्हणजे सोनाबाईचा भाचा प्रवीण शिळफाट्याला गॅरेज चालवतो. त्याने ते सगळं उघडून नवीन करून दिलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेंपोतून घरी आलं. दुसऱ्या दिवशी वाल्मिकने त्याची अशी पूजा केली की गावदेवीला हेवा वाटावा. नारळ फोडला, झेंडूचा हार घातला, आणि डिझेलच्या टाकीच्या टोपणावर तेलात कालवलेला शेंदूर असा थापला, जसा काय मारुतीच बसवलाय.

मग भात कापणीला आलं. इंजिन होडीत चढलं, पण डिझेल भाऱ्यांसाठी राखायचं म्हणून बायका वळसा घालून गेल्या, कापून आल्या, भात वाळायला पसरलं. आता बांधायचं आणि होडीने आणायचं, एवढंच राहिलं होतं. त्या सकाळी डोंगरामागून काळं आभाळ वर यायला लागलं. माझी नात अक्षदा मोबाईल बघून म्हणाली, "आजी, संध्याकाळी पाऊस दाखवतोय." पसरलेलं भात भिजलं की लोंब्यांना मोड येतात. मग वर्षभर दुकानातला तांदूळ.

सोनाबाई बायका घेऊन पलीकडे गेली आणि भारे बांधायला लागली. अलीकडच्या काठावर वाल्मिक, मदतीला बोलावलेला प्रवीण, आणि दगडावर बसलेली मी.

वाल्मिकने हँडल मारलं. इंजिनाने धुक्, धुक् केलं आणि गप्प.

"डिझेल हाय ना, काका?" प्रवीण म्हणाला.

"मग काय पाणी भरलंय?"

प्रवीणने टोपणाला आधी नमस्कार केला, मग शेंदूर पुसू नये म्हणून दोन बोटांनी कडेला धरून ते उघडलं. टाकी भरलेली. टोपण लावलं, हँडल मारलं. धुक्, धुक्, गप्प.

"लायनीत हवा धरली असंल," म्हणत त्याने नळीचा एक बारका स्क्रू सैल केला. जरा डिझेल आलं, मग थेंब, मग तेही नाही. त्याने गाळणी काढली, फुंकली, बसवली. पंप खोलून पुन्हा लावला. हात कोपरापर्यंत काळे झाले.

तेवढ्यात पलीकडून फोन. सोनाबाईचा आवाज आमच्यापर्यंत फोनशिवायही आला असता. "अवो, आबाळ बघितलं का?"

"मला काय डोळं नाय?"

"डोळं हायेत, होडी कुठं हाय?"

त्याने फोन बंद करून प्रवीणकडे मोर्चा वळवला. "नवीन केलं म्हणतोस! काय नवीन केलंस? रंग?"

"पिस्टन नवीन, रिंगा नवीन. काका, गॅरेजमधी माझ्यासमोर चालू होतं. तुमच्याकडं आल्यावरच त्याला काय झालं!"

"म्हणजे माझ्या घरचा दोष?"

"वाल्मिक," मी म्हटलं, "पोरावर ओरडून इंजिन चालू होतंय का रं?"

"वैनी, तुमी गप बसा."

मी पलीकडे बघितलं. अर्धं आभाळ आता काळं होतं, आणि पलीकडे भाऱ्यांची रांग काठापर्यंत आली होती. पुन्हा फोन वाजला. त्याने तो न घेताच माझ्या मांडीवर टाकला आणि हँडल उचलून टाकीच्या कुशीत असं हाणलं की पत्र्याला पोचा आला.

"तुला हार घातला! तुला नारळ फोडला! माझ्या बायकोला कधी नवीन पातळ वेळेवर आणलं नाय, पण तुला नवीन पिस्टन आणला! आणि तू माझं भात कुजवतोस? मान पायजे तुला? घे मान!" असं म्हणून त्याने अंगठ्याच्या नखाने टोपणावरचा शेंदूर खरवडायला सुरुवात केली. पापुद्रे उडाले. "काढून घेतो! तू देव नायस, लोखंड हायेस लोखंड!"

प्रवीण "काका, नको, पाप लागंल" म्हणत पुढे झाला आणि तिथेच थांबला. सैल ठेवलेल्या स्क्रूमधून डिझेलची धार लागली होती.

त्याने वाकून टोपण बघितलं, कपाळावर हात मारला. "काका, टोपणाला हवेचं भोक असतंय. शेंदूर बसला त्यात. वरून हवा आत जाईना, मग खाली डिझेल उतरंल कसं? मी आपला देव समजून शेंदराला बोटसुदीक लावलं नाय." धारेतले हवेचे बुडबुडे जाईपर्यंत त्याने ती वाहू दिली, मग स्क्रू आवळला. वाल्मिकने हँडल मारलं आणि इंजिन असं धडधडलं की काठावरचे बगळे उडाले.

वाल्मिकला हसता आलं असतं. पण तो ओरडला, "भोक हाय ते आधी सांगायला काय झालं होतं?" हे प्रवीणला की इंजिनाला, मला कळलं नाही. होडी निघालीसुद्धा.

किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही. शेवटच्या फेरीला पाऊस आला. वरचे भारे भिजले, खालचे कोरडे राहिले. सोनाबाई भाऱ्यांवर ताडपत्री दाबून स्वतः भिजत बसली होती आणि होडी काठाला लागेपर्यंत नवऱ्याला बोलत होती. त्याचं लक्ष इंजिनाकडे होतं. एक हात सुकाणूवर, दुसरा टाकीच्या पोच्यावरून फिरत होता.

तो तांदूळ आम्ही वर्षभर खाल्ला. यंदा दसऱ्याला वाल्मिकने इंजिन अंगणात आणून पुन्हा शेंदूर कालवला. टोपणाकडे बघितलंसुद्धा नाही. खाली बसला आणि त्या पोच्यावर बोटाने एवढासा टिळा लावला.

"लय लागलं होतं का रं तुला?" त्याने हळूच विचारलं. मी दारात उभी आहे हे दिसल्यावर लगेच खेकसला, "काय बघताय, वैनी? नारळ आणा!"