घोटीमार्गे उष्टी हळद

आमची पलटण तेव्हा राजस्थानात होती. नव्वदीच्या दशकातली गोष्ट, मोबाइल यायच्या आधीची. मी शिपाई, नोकरीला दोन वर्षं झालेली. माझे सेक्शन कमांडर नायक दशरथ. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, म्हणून मीही त्यांना उस्तादच म्हणायचो. दोघंही घोटीकडचे, भाताच्या मुलखातले.

उस्तादांचं लग्न ठरलं होतं. सुट्टी मंजूर झाली ती लग्नाच्या तीन दिवस आधी. मे संपत आला होता आणि ती मोसमातली शेवटची तिथी. चुकली तर थेट दिवाळीनंतर, आणि दिवाळीनंतर सुट्टी मिळेलच असं देवही छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हता. त्यातून नवरीच्या मामांना फौजी जावई मुळातच नको होता. ते अशा एखाद्या कारणाची वाटच बघत होते.

मेजरसाहेबांनी मलाही सोबत सोडलं. म्हणाले, "नायक को मंडप तक डिलिवर करना है. एक भी डेंट नहीं चाहिए."

"जी साब."

गाडी नऊ तास लेट झाली. लग्नाच्या दिवशी सकाळी इगतपुरीला उतरलो आणि ट्रकने घोटी गाठलं. वेळ बारा दहा. मुहूर्त संध्याकाळी सहा चाळीसचा. नवरीचं गाव करंजवाडी, आमच्या लहानपणच्या पायवाटेने अकरा किलोमीटर. वऱ्हाड सकाळीच तिथे पोचलेलं. घोटीत बाजाराचा दिवस, वर लग्नसराई. एसटी निघून गेली होती आणि जीपच्या टपावरही बसायला जागा नव्हती.

खरी अडचण हळदीची होती. आमच्याकडे हळद आधी नवऱ्याला लागते. त्यातली उरलेली, म्हणजे उष्टी हळद, मग नवरीला. नवराच पोचला नाही तर नवरी सकाळपासून तशीच बसून असणार. हळद नाही तर न्हाणं नाही, न्हाणं नाही तर लग्नाला उभं राहणं नाही.

"चालत जाऊ," उस्ताद म्हणाले. "पन्नास मिनिटं मार्च, दहा मिनिटं हॉल्ट. तीनला मंडपात."

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. 'पायदळवाल्याचा पाय म्हणजे त्याची रायफल' हे वाक्य हा माणूस आम्हाला रोज ऐकवायचा. कोणाच्या मोज्याला भोक दिसलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आणि हेच गृहस्थ दिल्लीला गाडी बदलताना घेतलेले नवे कोरे, काळे, चकचकीत बूट घालून निघाले होते.

"उस्ताद, कॅनव्हासचे घाला."

"नवरदेव कॅनव्हासमध्ये? मामा काय म्हणंल?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान. शिपायाने नायकाला याहून जास्त सांगायचं नसतं.

पण ती चाल मजेची झाली. भाताच्या रोपांसाठी राब, म्हणजे पालापाचोळा, भाजून शेतांत काळे चौकोन पडले होते. करवंदाच्या जाळ्या लगडल्या होत्या. पहिल्या हॉल्टला आम्ही तोंड जांभळं होईपर्यंत करवंदं खाल्ली. बाजाराला निघालेला एक म्हातारा थांबला.

"कुठं चालले रं फौजी?"

"लग्नाला, बाबा."

"कोणाच्या?"

"माझ्याच."

म्हातारा एवढा हसला की त्याची टोपी पडली.

एक पन्नासला टेकाड उतरलो आणि दोघंही उभे राहिलो. आमची वाट समोर सरळ पाण्यात शिरली होती. आम्ही या वाटेला फिरकलो नव्हतो त्या वर्षांत खालच्या अंगाला धरण झालं होतं. कोणत्याही अनोळखी रानात आम्ही नकाशा बघितल्याशिवाय पाऊल टाकलं नसतं. पण घरच्या वाटेची चौकशी कोण करतो? घोटीत एका माणसाला विचारलं असतं तरी कळलं असतं.

उस्ताद तोवर लंगडायला लागले होते.

काठावर सहा-सात घरांची वाडी होती. दारात एक आजी नाचणी पाखडत बसली होती. नाव भीमा, हे नंतर कळलं.

"वाट व्हती," ती म्हणाली. "आता पाणी हाय. गाडीवाटंनं वळसा घालून जा, नऊ किलोमीटर. नाय तर हे बाजूचं टेकाड चढा, पाच. पण तुझा तो गडी काय टेकाड चढत नाय."

तिने उस्तादांचे बूट काढायला लावले. दोन्ही टाचा सोलून निघालेल्या. आजीने पाय धुतले, घरातून हळद आणली, तेलात कालवली आणि टाचांवर थापली. तेवढ्यात मी आमची सगळी कहाणी सांगून टाकली. ती ऐकून आजी थांबली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"अरं, मग हळद लागली की नवरदेवाला!"

उस्तादांनी माझ्याकडे बघितलं. मी उस्तादांकडे. त्यांना हल्ल्याचा प्लॅन सुचला की डोळे असेच बारीक व्हायचे.

"आजी, अंगालाही इथंच लावा. हा गडी उष्टी हळद घेऊन टेकाडावरनं पळंल. मी मागनं येतो."

आजीने हाका मारून बाया जमवल्या. चौघी आल्या. बाकीच्या बाजाराला गेलेल्या.

"पाच सवाष्णी लागत्यात," आजी म्हणाली. "चारच हायेत."

"तुम्ही धरून पाच."

"मी कशी रं? म्हातारा जाऊन लय वर्सं झाली माझा." ती दोन पावलं मागे सरली.

"पहिली हळद तुम्हीच लावली आजी. ती आता कशी पुसायची? या."

आजी आली. तिने उस्तादांच्या कपाळाला, खांद्याला, गुडघ्याला हळद लावली आणि मग त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून रडली. मलाही रडू आलं. ते लपवायला मी मेस टिन, म्हणजे फौजेतला जेवणाचा डबा, घासत बसलो. त्याच मेस टिनमध्ये उरलेली हळद भरली.

दोन चाळीसला मी पळालो. आजीच्या लेकाने उस्तादांना बैलगाडीत घातलं आणि तो गाडीवाटेने निघाला.

तीन पंचवीसला मी करंजवाडीच्या मंडपात होतो. मामा पुढे आले.

"नवरदेव कुठं हाय?"

"मागून येतोय. ही उष्टी हळद."

"कोणी लावली?"

"पाच जणींनी."

खोटं एक अक्षर नव्हतं. मामांनी डबा उघडून बघितला. बायांनी तो त्यांच्या हातातून ओढूनच घेतला आणि आत एकदम गलका झाला.

सहा पाचला बैलगाडी आली. पिवळा धमक नवरदेव, अनवाणी, बूट गळ्यात अडकवलेले. मी सॅल्यूट ठोकला.

"उस्ताद, नवरदेव डिलिवर. डेंट दोन."

"साहेबांना सांगू नको," ते म्हणाले. सहा चाळीसला अक्षता पडल्या, आणि जेवताना मामांनी त्यांना आग्रहाने तिसऱ्यांदा बुंदी वाढली.

तीन वर्षांनी आम्ही काश्मीरच्या डोंगरात होतो. उस्ताद हवालदार झाले होते. सकाळी साडेसहाची गस्त, ते सर्वांत पुढे. फायर झाला तेव्हा मी मागच्या पोस्टवर होतो. वायरलेस सेटवर एवढंच आलं, "उस्ताद नहीं रहे." निरोप मिळाला की म्हणतात तसं मी "रॉजर" म्हणालो. त्या शब्दाचा मला अजून राग येतो.

त्यानंतर काही वर्षांनी माझं लग्न ठरलं. अंगणात मी पाटावर बसलो. चौघींची हळद लावून झाली. उस्तादांच्या पत्नी हिरावहिनी आल्या होत्या, पण स्वयंपाकघराच्या दारात, भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"पाचव्या हिरावहिनी," मी म्हणालो.

आत्या म्हणाली, "अरं पण..."

वाडीतल्या आजीची गोष्ट माझ्या आईने माझ्या तोंडून दहा वेळा ऐकली होती. तिने हळदीची वाटी उचलली आणि वहिनींच्या हातात दिली.

वहिनी माझ्यासमोर खाली बसल्या. कपाळाला लावतील म्हणून मी मान वाकवली. त्यांनी माझा पाय पुढे ओढला आणि पहिलं बोट टाचेला लावलं.

"ह्यांची हळद इथूनच सुरू झाली व्हती," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग सगळं अंगण हसलं.

मी मनातल्या मनात सावधान झालो आणि रिपोर्ट दिला. उस्ताद, नवरदेव हजर. डेंट नाही.