कडबाकुट्टीचं पातं

अनिलकुमार गोव्याहून कमठाण्याला परत आला, तो डोक्यावर एक फळी आणि काखेत एक शीड घेऊन. फळीवर उभं राहायचं, शिडात वारा धरायचा आणि पाण्यावरून पळायचं. परदेशी पाहुण्यांना हे शिकवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. आता गावाजवळच्या धरणावर बिदरच्या पोरांना शिकवायचं त्यानं मनावर घेतलं होतं. धनगराच्या पोरानं पाण्यावर काय पळायचं, म्हणून गाव हसलं. हसणाऱ्यांपैकी एकाचं मनगट अनिलकुमारच्या बापानं, पिराप्पानं, पिरगाळलं, आणि मग हसणं थांबलं. बाप-लेकाचा राग एकाच चुलीवरचा होता.

फळी कुठूनही पाण्यात घालता येत नाही. धरणाच्या भिंतीकडं वारा अडायचा. पलीकडच्या अंगाला बुडालेल्या बाभळींचे खुंट होते. त्यातल्या एकानं फळीचं फिन, म्हणजे बुडाशी पाण्यात उभं राहणारं प्लास्टिकचं पातं, मुळापासून मोडलं. शेवटी मेंढरं धुवायचा उतार त्याला पसंत पडला. तळ घट्ट, वारा आडवा. मिरगाच्या आधी लोकरीची कातरणी असते, तेव्हा धनगर तिथंच मेंढरं धुतात. अडचण शेवाळाची होती, आणि ईरण्णाची.

शेवाळाला मागं झुकलेलं फिन लागतं, म्हणजे ते अडकत नाही, घसरून जातं. अनिलकुमारनं चारा कापायच्या कडबाकुट्टीचं जुनं वाकडं पातं आणलं, त्याची धार घासून मारली आणि वेल्डरकडून बूड जोडून घेतलं. शेवाळ घसरलं. पण उताराच्या तोंडाशी ईरण्णाचं जाळं होतं. त्याचा दोर पात्यात सापडला आणि अर्धं जाळं फळीमागं फाटत आलं. ईरण्णा पिढीजात मासे धरणारा माणूस. त्यानं होडी आडवी घातली आणि वल्हं सरळ अनिलकुमारच्या तोंडावर हाणलं. समोरचे दोन दात गेले.

घरी पिराप्पानं दातांची चौकशी केली नाही.

"तू त्येला हाणलास का न्हाई?"

"न्हाई, अप्पा."

पिराप्पानं ते पातं उचललं आणि कडेवरून अंगठा फिरवला. कातरणीची कातर तो अशीच बघायचा. "ह्याला धार कामून न्हाई?"

"धार नगं असती. घसरायला पायजे."

"आडवं येईल ते कापायला पायजे," असं म्हणून पिराप्पा कातरीचा दगड घेऊन बसला, आणि धार लावूनच उठला. अनिलकुमारला त्याला थांबवता आलं असतं. पण तोंड सुजलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ती धार हवीच होती.

मग जुंपली. त्यानं ईरण्णाची जाळी उभी चिरली. ईरण्णानं विळ्यानं त्याचं शीड फाडलं. ते शिवून तो पुन्हा पाण्यात उतरला.

मेंढरं धुवायच्या दिवशी त्यानं फळीला हात लावायला नको होता. उतारावर कळपच्या कळप होते, माणसं मांडीभर पाण्यात उभी होती. पण ईरण्णानं मुद्दाम समोरच नवं जाळं टाकलं होतं. अनिलकुमार गेला, जाळं कापलं आणि खुशीत वळला. तेवढ्यात पश्चिमेकडून वावटळ आली. शीड त्याच्या हातून सुटेना, फळी थांबेना. तो पाण्यात फेकला गेला आणि फळी तशीच मेंढरांत घुसली. एका मेंढीचं पोट उघडलं. मग फळीचं शेपूट, खालच्या पात्यासकट, गरकन फिरलं.

पिराप्पा एडका गुडघ्यात दाबून उभा होता. पाणी लाल झालेलं त्यानं पाहिलं. "कुनाचं मेंढरू गेलं रे?" असं त्यानं विचारलं, आणि तो खाली बसला.

अनिलकुमारनं बापाला काठावर ओढलं. मांडीतून रक्त उसळत होतं. ईरण्णा होडी मारत येताना दिसला, तेव्हा अनिलकुमारनं दगड उचलला.

"दगड टाक," ईरण्णा म्हणाला. "पाय धर."

नुकतंच कापलेलं जाळं त्यानं पिळून मांडीभोवती आवळलं आणि त्यात काठी घालून पीळ दिला. ज्या हातांनी दात पाडले होते, तेच हात आता बापाचा जीव धरून होते. अनिलकुमारला त्या हातांकडं बघवेना. ईरण्णानं टेम्पोत बिदरपर्यंत पीळ सोडला नाही. दवाखान्यात जीव राहिला. पाय गेला.

पावसाळा सरल्यावर अनिलकुमारनं सागवानाचं नवं फिन केलं, मागं झुकलेलं, कडा गोल. जाळी आता उतारापासून लांब असायची. ईरण्णा मात्र त्याच्याशी बोलत नव्हता. त्या दिवशी बिदरहून दोन पोरं शिकायला आली होती. पिराप्पा कुबड्या शेजारी ठेवून काठावर बसला होता. त्यानं हात पुढं केला. अनिलकुमारनं फिन त्याच्या हातात दिलं. म्हाताऱ्यानं कडेवरून अंगठा फिरवला. परत फिरवला.

"धार न्हाई, अप्पा," अनिलकुमार म्हणाला.

"ठावं हाय मला," पिराप्पा म्हणाला. "तरी बघायलोय."