पायाळूची कंबर

"पायाळूचीच कंबर धरली म्हना की," डॉक्टर म्हणाले आणि हसले. मग कंपाउंडर हसला. बाकावरची चार माणसं हसली, त्यातल्या दोघी माझ्या ओळखीच्या. मी तपासायच्या टेबलावर पालथी. पोलकं वर सरकवलेलं, पडदा अर्धाच ओढलेला. डॉक्टरांनी पेनच्या मागच्या टोकानं कमरेत दोन ठिकाणी टोचलं. इथं का, इथं का. मी हो म्हणायच्या आत ते परत खुर्चीत जाऊन बसले.

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून पायांकडून आलेलं मूल. आमच्या उंद्री गावाकडे अजून मानतात की पायाळूनं पाठीला पाय लावला की भरलेली उसण जाते. मी पायाळू. सहा-सात वर्षांची असल्यापासून मला बोलावणं यायचं. सगळ्यात जास्त याच डॉक्टरांच्या घरून, त्यांच्या आजोबांसाठी.

एरवी त्या घराच्या ओट्यावर आम्हा बौद्धांनी चढायचं नाही. माय फाटकाबाहेरच उभी राहायची. उसण भरली की मात्र म्हातारे मालक अंगणात पालथे पडायचे. त्यांच्या पाठीवर गोणपाट टाकायचे आणि त्यावरून मी डावा पाय तीनदा लावायचा. नंतर ते आंघोळ करायचे आणि गोणपाट आम्हालाच देऊन टाकायचे. गोणपाट कशाला, मी मायला विचारलं होतं. "त्यायच्या अंगाले आपला पाय नाही लागला पाह्यजे," ती म्हणाली आणि भाकर थापत राहिली.

मी फार घाबरायचे. म्हातारा कण्हला की माझा पाय लटपटायचा. एकदा उसण गेली नाही, तर पोरीनं मुद्दाम पाय जड टाकला असं ठरलं, आणि मायला सगळ्यांसमोर हात जोडावे लागले. पण खरी भीती वेगळीच होती. ती मी कोणाला सांगितली नाही. पायाळूच्या पायानं दुखणं निघतं म्हणतात. निघून जातं कुठे? मला वाटायचं, माझ्यात शिरतं.

हसू नका. चाळिशी आली तरी ती भीती गेली नव्हती. मी शाळेत खिचडी शिजवते. दोन वर्षांपूर्वी खिचडीनं भरलेला गंज चुलीवरून उतरवताना कमरेत काहीतरी सटकलं, तेव्हा आधी आठवले ते म्हातारे मालक. त्यांचं दुखणं आता बाहेर निघालं, याला औषध नाही, असं धरून मी कितीतरी महिने गप्प राहिले. बारावी शिकलेली बाई मी. रोज बुद्धवंदना म्हणते, आणि मनात हे.

मग डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा या दवाखान्यात आले. वर्षभर येत होते. कंपाउंडर इंजेक्शन द्यायचा, डॉक्टर त्याच गोळ्या लिहायचे. गोळ्यांनी पोटात आग पडायची. तिथं भिंतीवर एक तक्ता आहे. हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत ओळीनं चेहरे, किती दुखतं ते दाखवायला. डॉक्टर बाकीच्यांना विचारायचे, यातला कोणता? माझा चेहरा कोणता, ते मी घरूनच ठरवून यायचे. मला एकदाही विचारलं नाही. "तुमच्या लोकायचे हाडं टणक राह्यतात," एवढंच म्हणायचे.

त्या दिवशी सकाळी शाळेत डाव्या पायातली चप्पल गळून पडली आणि मला कळलंच नाही. चुलीपुढचा निखारा तळव्याखाली आला. तो मला वासावरून कळला. हे सांगायला मी आले होते. पाय गेला तर चुलीपुढे उभी कशी राहू, लेकीचं शिक्षण कोण करील. आणि हे हसत होते.

उठावं, पोलकं नीट करावं, चिठ्ठी घ्यावी, निघावं. माय जन्मभर तेच करत आली. मीही उठलेच होते. तेवढ्यात डॉक्टरांकडे नजर गेली. ते स्पिरिटच्या बोळ्यानं पेनचं टोक पुसत होते. माझ्या कमरेला लागलेलं टोक.

गोणपाटच ते. तेव्हा डोक्यात लख्ख झालं. म्हाताऱ्याचं दुखणं माझ्यात कधी शिरलंच नव्हतं. हे दुखणं माझं होतं, गंज उचलून झालेलं. फक्त ते बघायला यांचा हात पुढे येत नव्हता.

मी टेबलावरच बसून राहिले. एक पाय थरथरत होता, दुसऱ्याचं कळत नव्हतं. "डॉक्टरसाहेब, हात लावून तपासा," मी म्हणाले. "नसन लावत तं कागदावर लिहून द्या, इले हात न लावता तपासली म्हनून. अन् खाली सही करा."

बाकावरचं हसणं बंद झालं. "काऊन वं, आज लय बोलून राह्यली," कंपाउंडर म्हणाला. डॉक्टर म्हणाले, पेशंट खोळंबलेत. मी उतरले नाही.

शेवटी ते उठले. आधी हातमोजे चढवले. तळव्यावरचा भाजल्याचा डाग पाहून थांबले. पायाचा अंगठा वर उचल, म्हणाले. मी सगळा जीव लावला. अंगठा हलला नाही. मग त्यांनी कमरेला हात लावला, नीट, एकेक मणका दाबत. नस दबली आहे, लगेच बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात जा, म्हणाले. आधीच यायला पाहिजे होतं.

"वर्षभर येऊनच राह्यली मी," मी म्हणाले. ते चिठ्ठी लिहायला लागले.

ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. पाय पहिल्यासारखा होईल का, तिथले डॉक्टरही सांगत नाहीत. मला भीती वाटते. रोज सकाळी उठल्याबरोबर आधी अंगठा हलवून बघते.

परवा त्याच घरून निरोप आला. डॉक्टरांच्या वडिलांना उसण भरली आहे. पाय बधिर असला तरी चालतो म्हणे, लावून जा.

मी नाही म्हणून सांगितलं. हा पाय बधिर राहो की धड होवो, तो आता कोणाच्या गोणपाटावर पडणार नाही. आणि माझ्या कमरेला हात लागल्याशिवाय मी कोणाच्याही टेबलावरून उतरणार नाही. बुलढाण्याच्याही नाही.