माशांचं माहेरपण

नर्सबाईंकडे कुणी मासे मागायला आलं, की टाकी केवढी आणि पाणी कुठलं हे प्रश्न नंतर. पहिला प्रश्न ठरलेला, "घरात बाळंतपण निभावणारं कोण हाय?" समोरचा गडबडायचाच. तो बिचारा दिवाणखान्याला शोभा म्हणून दोन रंगीत मासे न्यायला आलेला असायचा, आणि ही ठेंगणी बाई चष्म्यावरून त्याच्याकडे असं बघायची, की जणू तो लेकीला मागणी घालायला आलाय.

त्यांची सगळी नोकरी तासगाव तालुक्यात बाळंतपणं करण्यात गेली. लग्न केलंच नाही. माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आत्यांचं, माहेर तासगावचं, त्यामुळे माझ्या नवऱ्यालाही या जगात आणलं ते नर्सबाईंनीच. निवृत्त झाल्यावर बाईंना तासगावचं घर खायला उठलं. मग त्यांनी पडवीत काचेच्या टाक्या मांडल्या आणि त्यात सिक्लिड जातीचे मासे पाळले. सिक्लिडच का, तर हे मासे अंडी टाकून चालते होत नाहीत. आईबाप दोघं मिळून पिल्लं राखतात. "बाप राखणीला उभा ऱ्हातो, हे मला माणसांत लय कमी बघायला मिळालं," असं म्हणून त्या स्वतःच खुदकन हसायच्या.

मी लग्न होऊन सांगलीत आले तेव्हा नवरा शिरवळच्या कंपनीत होता, आठवड्याला एकदा घरी यायचा. माझं माहेर वाईचं. पण आई मी शाळेत असतानाच गेली, पुढे बाबा दादाकडे पुण्याला गेले आणि वाईच्या घराला कुलूप लागलं. दिवाळीला शेजारच्या सुना बॅगा भरायच्या, तेव्हा मी माळे आवरायला काढायची. घरात काहीतरी हलतं-बोलतं असावं म्हणून मी फिशटँक घ्यायचं ठरवलं. दुकानदाराने डोक्यावर उंचवटा असलेला एक फ्लॉवरहॉर्न दाखवला, घरात लक्ष्मी येते म्हणाला. आत्या म्हणाल्या, आधी नर्सबाईंना विचारू.

"टेंगूळ आलेला त्यो? त्याला पुढं हौद लागंल. हाय का हौद?" एवढ्यात माझ्या लक्ष्मीचा निकाल लागला. मग त्यांनी मला एकेका टाकीपुढे उभं केलं. काळ्या पट्ट्यांचा कॉन्व्हिक्ट सगळ्यात सोपा, पिल्लं नको म्हटलं तरी होतात, पण शेजाऱ्याला जगू देत नाही. एंजलला उंच टाकी हवी. रॅम दिसायला राजकन्या, पण पाणी जरा बिघडलं की मान टाकतो. शेवटच्या टाकीत बोटाएवढा, मातकट रंगाचा क्रिबेन्सिस होता. माझा चेहरा पडला. तेवढ्यात मादी वळली आणि तिचं डाळिंबी पोट झळकलं. मी काचेला नाकच लावलं. नर्सबाई म्हणाल्या, "दिसायला साधी, संसाराला पक्की. आपल्या जड पाण्यातबी तग धरती. तुझ्या अडीच फुटी टाकीत हीच नांदंल."

पण जोडी लगेच दिली नाही. आधी नुसती पाण्याने भरलेली टाकी सांभाळ म्हणाल्या. फिल्टरचा त्यांचा जुना, कळकट स्पंज दिला, तो माझ्या टाकीत पिळायला लावला. त्यातले चांगले जंतू नव्या पाण्यात मुरल्याशिवाय मासे तगत नाहीत, म्हणून याला त्या विरजण म्हणायच्या. मी पुढे कितीतरी दिवस रिकाम्या पाण्याकडे टक लावून बसायची आणि रोज फोन करून लागलं का विरजण, असं विचारायची. अखेर एकदाची जोडी मिळाली. निघताना त्यांनी आत्यांचा हात धरला. "लेक देतीय तुमाला. नीट नांदवा." त्यांनी हे गमतीत म्हटलं होतं. आत्यांनी ते मनावर घेतलं.

मी नारळाची करवंटी दार कोरून टाकीत पालथी घातली. जोडीने ती लगेच आपली मानली. दोघं तोंडाने वाळू उचलून बाहेर टाकायची, करवंटी आतून झाडून काढायची. एके दिवशी मादीचं पोट लालभडक झालं आणि ती नरापुढे अंग वाकवून थरथरायला लागली. मी ओरडतच आत्यांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "दिवस गेल्यात हिला."

दुसऱ्या दिवशी मंडईतून येते तो दोन्ही मासे दुधाच्या किटलीत. आत्या तयार होऊन दारात. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, बाईंनी लेक म्हणून दिलीय, आपल्याकडून कमी पडायला नको. त्यांचं म्हणणं मला इतकं पटलं, की मीही चांगली साडी नेसून निघाले. एसटीत कंडक्टरने किटलीत काय आहे विचारलं. आत्यांनी सांगितलं, "गरवार हाय. गाडी जरा हळू घ्या म्हणावं." त्याने आत डोकावून पाहिलं आणि ड्रायव्हरला निरोप दिला. पुढचे सगळे गतिरोधक गाडीने अलगद ओलांडले.

नर्सबाईंनी झाकण काढलं आणि किटली तशीच सावलीत ओढली. मादीचा रंग उडाला होता, ती तळाशी कलंडली होती. नर धापा टाकत होता. मग त्यांनी समजावलं, की हिने एकदा जागा निवडली की तीच हिची बाळंतिणीची खोली. तिथून हलवलं की ही अंडी टाकायची विसरते, कधी जिवानिशीही जाते. आत्यांना रडू फुटायचं बाकी होतं. बोलता बोलता बाईंचे हात चाललेच होते. वाटी वाटीने टाकीतलं पाणी किटलीत घातलं, जोडीला अलगद सोडलं, टाकीवर जुनी सुती साडी टाकली. मग विचारलं, कशाला आणलं? आत्या खाली बघत म्हणाल्या, "तुमीच लेक म्हणाला हुता न्हवं. पहिल्या खेपंला माहेरी नको व्हय?"

नर्सबाई उठून आत गेल्या. चहाला इतका वेळ लागत नाही. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते. कप पुढे करत म्हणाल्या, "आख्ख्या तालुक्याची बाळंतपणं केली. माझ्या दारात माहेरपणाला कुणी आलं न्हवतं."

मादी जगली. पुढे तिने अंडी टाकली आणि दोघांनी मिळून ती खाल्लीसुद्धा. मी फोनवर हळहळले तर बाई माझ्यावरच करवादल्या. पहिलटकरीण आहे, गोंधळते, तिला बोल लावायचा नाही. दुसऱ्या खेपेला भल्या सकाळी फोन आला, "या लवकर." आम्ही चहासुद्धा न घेता स्टँड गाठला. त्यांनी साडीचा कोपरा उचलला. आईच्या पोटाखाली टाचणीच्या टोकाएवढ्या पिल्लांचा पुंजका तरंगत होता. ती सरकली की सगळी सरकायची, तिने पर झटकले की सगळी वाळूवर चिडीचूप. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. त्या दिवशी नर्सबाईंनी बारशाला वाटतात तशा हरभऱ्याच्या घुगऱ्या गल्लीभर वाटल्या. कुणाचं बाळ म्हणून बघायला आलेल्या बायकांना टाकीपुढे पाट मांडून दिला. जोडी आणि किटली तिथेच राहिली.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. सगळे खूश होते, पण सातवा महिना जवळ आला तसं मी आणि आत्या एक विषय टाळायला लागलो. येणारी प्रत्येक बाई विचारायची, न्यायला कोण येणार? मी हसून इथेच करणार म्हणायची, आणि मागच्या दाराला जाऊन डोळे पुसायची. आईची इतकी आठवण मला लग्नातही आली नव्हती.

एके सकाळी दारात नर्सबाई, हातात तीच किटली. मी धावत जाऊन झाकण काढलं. आत काहीच नव्हतं, घासून लख्ख केलेली.

"मासं न्हाई आणलं," त्या म्हणाल्या. "त्यास्नी हलवायचं नसतं. तुला न्यायला आलीय."

बाळंतपण त्यांनी दवाखान्यातच करायला लावलं, पण डॉक्टरीणबाईंना बाहेरून सूचना देणं काही थांबवलं नाही. नंतर त्यांच्या घरी माझ्या खोलीला पडदा म्हणून तीच सुती साडी होती. मुलीला घेऊन परत निघाले तेव्हा आत्या न्यायला आल्या होत्या. नर्सबाई ताट हातात घेऊन घुटमळल्या. "मी बिनलग्नाची. माझ्या हातची वटी चालंल का?"

"माझ्या पोराला पहिला हात तुमचाच लागलाय, बाई," आत्या म्हणाल्या. "भरा."

त्यांनी ओटी भरली. किटलीत त्याच वंशातली कोवळी जोडी दिली, आणि नारळाकडे बोट दाखवून बजावलं, खोबरं तुम्ही खा, करवंटी टाकीत ठेवा.

नर्सबाई आता नाहीत. त्यांच्या पडवीत दुसऱ्यांची मोटारसायकल उभी असते, म्हणून मी त्या रस्त्याने जात नाही. मुलगी मात्र कुणी आजोळ विचारलं की ठासून तासगाव सांगते. ओटीच्या नारळाची करवंटी टाकीत आहे आणि कालपासून मादी तिच्यातून बाहेर आलेली नाही. मी टाकीवर साडी टाकली आहे. आत्यांनी हरभरे भिजत घातलेत.