बकरं अंग झाडेपर्यंत

झुल्फिकार मुलाणीचा माणूस कुणाला मारत नसे.

तो माणूस भोरातल्या हनुमंतच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, खिडकीकडच्या मशीनवर राही. खेळ अफाट होता. डोंगर, नद्या, गावं. वाटेल तिकडं जावं. सुरुवातीलाच तलवार मिळे. झुल्फिकारनं ती एकदाही उपसली नव्हती. त्याचा माणूस झाडपाला गोळा करी, औषधं विकी, आणि दरोडेखोर दिसले की धूम ठोकी.

बी.ए. झाल्यावर झुल्फिकार त्या दुकानात टायपिंग करायचा. दुपारी वीज असली आणि गिऱ्हाईक नसलं की खेळायचा.

"मर्दा, कमरेला तलवार हाय का केळं?" हनुमंत मागून म्हणे.

"असू दे की."

"मारायचं न्हाई तर खेळतो कशाला?"

"न मारता कुठवर जाता येतं, ते बगतोय."

सध्या तो एका खिंडीच्या दारापाशी अडकला होता. तिथला पहारेकरी हटत नव्हता. त्याला मारलं की दार मोकळं. सगळे तसंच करत. झुल्फिकार थांबला होता. थांबलं की वाट मिळते, हे या खेळात त्याला अनेकदा पटलं होतं.

त्या माघात त्याच्या अब्बांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला. अब्बा, म्हणजे फारूकभाई, कामथडीपलीकडच्या एका वाडीचे मुलाणी. जत्रेतलं नवसाचं बकरं मुलाण्यानंच कापायचं, ही वाडीची पिढ्यांची रीत. जत्रा चैत्रात होती.

वाडीचे कारभारी रखमाजी तात्या ओट्यावर येऊन बसले. "फारूक, घोर करू नगंस. पोरगं हाय की."

"तात्या, मला न्हाई जमायचं," झुल्फिकार म्हणाला. "दुसरा कुणी बगा."

तात्या हसले. "मुलाणी काय बाजारात मिळतोय व्हय रं?"

ते गेल्यावर अम्मी भांडी घासता घासता बोलली. "लांब कुठं दंगल झाली, तवा हीच माणसं आपल्या दारात बसून राहिली. का? तर आमच्या मुलाण्याचं घर म्हून. तू सुरी सोडलीस तर आपण हितं कोण रं?"

अब्बांनी डाव्या हातानं सुरी त्याच्यापुढं सरकवली.

जत्रेला देवळाच्या मागं बकरं आणलं. आधी त्याच्या अंगावर पाणी शिंपडतात. त्यानं अंग झाडलं म्हणजे देवानं घेतलं. तोवर सुरी लावायची नाही.

पाणी शिंपडलं. बकरं उभंच. झुल्फिकारनं सुरी पाठीमागं धरली होती. ती बकऱ्याला दिसू द्यायची नाही, हे अब्बांनी शिकवलेलं. ढोल थांबला. बकरं कुणाच्या तरी हारातलं झेंडूचं फूल चघळत होतं.

झाडू नको, तो मनात म्हणाला. झाडू नकोस रे बाबा.

"मुलाणी नवा हाय," गर्दीतली सगुणाबाई म्हणाली. "देवाला वळख पटंना!"

सगळे हसले. पुन्हा पाणी शिंपडलं. बकरं हललं नाही. असंच थांबता आलं असतं, ऊन कलेपर्यंत, माणसं घरी जाईपर्यंत.

रखमाजी तात्या पुढं झाले. त्यांनी तांब्या सरळ बकऱ्याच्या कानात ओतला.

बकऱ्यानं शेपटीपर्यंत अंग झाडलं. ढोल वाजायला लागला.

झुल्फिकारनं अल्लाचं नाव घेतलं. हात जरासुद्धा चुकला नाही. त्याचीच त्याला भीती वाटली.

"बापाचा हात हाय!" तात्यांनी पाठीवर थाप मारली. घरी अब्बा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

दोन-तीन दिवसांनी तो दुकानात आला. मशीन चालू केलं. त्याचा माणूस तसाच दारापाशी उभा होता, तलवार म्यानात. झुल्फिकार त्याच्याकडं बघत बसला. बऱ्याच वेळानं पहारेकरी हलला आणि ओढ्याकडं पाणी प्यायला निघाला.

"अरं, वाट मोकळी झाली!" हनुमंत ओरडला. "पळ की!"

तेवढ्यात मोबाईल वाजला. रखमाजी तात्या होते.

"झुल्फिकार, शुक्रवारी ये. आमच्या भिमाचा नवस हाय. सुरी घिऊन ये."

पडद्यावर दार उघडं होतं. पलीकडं हिरवा माळ दिसत होता.

"ऐकतोयस का रं?"

"व्हय तात्या."

"मंग येतोस न्हवं?"

"येतो."

त्यानं मोबाईल ठेवला, तेव्हा पहारेकरी पाणी पिऊन परत दारात येऊन उभा होता.